वाचकांचे प्रश्न : वडिलांचा गळ आणि कृष्णाकाठ

नदी आणि मासेमारी या विषयावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तर देत आहे. तिन्ही पत्रे सातारा-सांगली भागातील आहेत आणि तिन्हींत गळाच्या छंदामागे घरातील कोणी वडीलधारे माणूस उभे आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझे वडील शिक्षक होते. सुट्टीच्या दिवशी पहाटे ते मला घेऊन हरिपूरच्या संगमाकडे गळ टाकायला जात. त्यांनी एक वही ठेवली होती. कोणत्या तिथीला, कसल्या पाण्यात, कोणत्या आमिषाला कोणता मासा लागला, हे ते त्यात लिहीत असत. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरील सामानाबरोबर ती वही गेली आणि त्यांच्या कळकाच्या काठ्याही गेल्या. वडील आता नाहीत. मी अजून गळ टाकतो, परंतु ते ज्या माशांची नावे घेत ते मासे आता लागत नाहीत, बहुतेक वेळा चिलापीच लागते. ती वही पुन्हा लिहिता येईल का, की हे सारे माझ्याबरोबर संपणार?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वडिलांच्या हातची नोंद परत मिळणार नाही, आणि तसे आश्वासन देणे आपल्या दुःखाचा अनादर होईल. परंतु पाणी, तिथी, आमिष आणि मासा यांचे नाते त्यांनी वर्षानुवर्षे तपासले, ते आपण त्यांच्या शेजारी बसून पाहिले आहे. त्यातील पुष्कळसे आपल्या हातात उतरलेले असते आणि प्रश्न विचारला जाईपर्यंत आपल्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते. म्हणून पहिले पान वडिलांच्या आठवणींनी सुरू करण्याऐवजी माशांच्या नावांनी सुरू करावे, असे मी सुचवितो. वडिलांच्या तोंडून ऐकलेले प्रत्येक नाव एका पानावर लिहावे आणि त्याखाली तो मासा कुठे लागत असे, दगडांच्या फटीत की डोहाच्या तळाशी, दिवसा की रात्री, गांडुळाला की कणकेच्या गोळ्याला, हे आठवेल तसे लिहीत जावे. वांबेचे पान काढलेत की ती रात्री बाहेर पडणारी, दगडाखाली दडणारी आणि पाठीवर काटे असणारी म्हणून वडील तिला गळावरून कसे सोडवीत, हे आपोआप आठवेल. शिंगट्याचे पान काढलेत की त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्याजवळच्या काट्यांपासून बोटे वाचविण्याची त्यांची रीत समोर येईल. माणसाची आठवण थेट काढू गेले तर ठरावीक चार प्रसंगच हाती लागतात, पण त्याच्या कामाच्या वाटेने गेले तर तो पुष्कळ अधिक भेटतो, असा माझा अनुभव आहे.

यानंतर स्वयंपाकघराकडे वळावे. घरातील आई, आत्या, काकू यांच्यापैकी ज्या हयात असतील त्यांना कोणत्या महिन्यात कोणता मासा घरात येई आणि त्याचे काय होई, हे विचारावे. मरळ तळली जात असे की तिचे कालवण होत असे, कांदा-लसणाची चटणी कशाला लागे आणि कशाला नको, बारीक मासळी सुकवून ठेवत असत का, या उत्तरांमधून नदीच्या ऋतुचक्राची अशी नोंद हाती येते जी काठावर बसणाऱ्या पुरुषांनी सहसा ठेवलेली नसते. तिसरे घर भोई समाजातील ज्येष्ठांचे आहे. पिढ्यान् पिढ्या होडी आणि जाळ्यावर जगलेल्या या माणसांना डोहांची, खडकांची आणि उतारांची जी नावे तोंडपाठ आहेत ती कोणत्याही नकाशात सापडणार नाहीत. त्यांच्याकडे जाताना शिकण्यासाठी जावे, त्यांच्या परवानगीने लिहून घ्यावे आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे.

आता चिलापीविषयी. मूळची आफ्रिकेतील ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली. मादी अंडी तोंडात धरून उबविते, पिले सावध होईपर्यंत तोंडाचा आसरा देते आणि वर्षातून अनेकदा वीण करते. साचलेले, गरम, प्राणवायू कमी असलेले पाणी इतर माशांना मारते, तेथे ती तग धरते. म्हणून आपल्या गळाला वारंवार चिलापी लागणे ही कृष्णेच्या प्रकृतीची खूण आहे. वडिलांच्या तरुणपणीची नदी उन्हाळ्यातही थोडीफार वाहत होती. आज कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडविणाऱ्या फळ्या, घातले की नदीचे एकामागून एक तलाव होतात, आणि वाहत्या पाण्यावर, वाळू-गोट्यांच्या तळावर वाढणाऱ्या माशांना जागाच उरत नाही. त्यात वाळूचा उपसा आला, शहरांचे सांडपाणी आले, कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी आले. सांगलीच्या परिसरात मेलेल्या माशांचा खच पाण्यावर तरंगताना आपणही पाहिला असेल. पाण्यात सेंद्रिय घाण अचानक वाढली की ती कुजविणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवितात आणि मासे अक्षरशः गुदमरून मरतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडी टाकताना दिसले तर गळ गुंडाळून ठेवावा, छायाचित्र, वेळ आणि जागा नोंदवावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी. दिवसभर पाण्याकडे पाहत बसणारा माणूस हा नदीचा सर्वांत जागरूक पहारेकरी असतो आणि त्याची तारीखवार वही अशा वेळी पुरावा म्हणून उभी राहू शकते.

नव्या वहीत तिथी लिहिण्याची वडिलांची पद्धत सोडू नये, कारण एका शब्दात महिना आणि चांदणे दोन्ही नोंदले जातात. तिच्या जोडीला इंग्रजी तारीख आणि पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी लिहावी. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाच्या फुटांच्या आकड्यांवर सांगलीकर पूर मोजत आले आहेत. ज्या महापुराने आपली वही नेली त्यात ही पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. हा आकडा दररोज जाहीर होत असल्यामुळे आपल्या नोंदी पुढे दुसऱ्या कोणालाही ताडून पाहता येतील. वही वरच्या मजल्यावर ठेवावी आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र मुलांकडे पाठवून ठेवावे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगणे माझे कर्तव्य आहे. वडिलांच्या काळात काठावर बसण्याच्या ज्या सवयी निर्धोक होत्या त्या आज तशा राहिलेल्या नाहीत. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, कसबे डिग्रज या पट्ट्यात मगरींचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. पाण्याच्या अगदी कडेला उकिडवे बसू नये, घाटाच्या पायरीवर मासे साफ करू नयेत, धरलेले मासे पिशवीत घालून पाण्यात लटकवून ठेवू नयेत आणि दिवस मावळण्यापूर्वी काठ सोडावा. हिवाळ्यात मगरी उन्हाला काठावर येतात आणि उन्हाळ्यात मादी काठच्या मातीत अंडी घालून आसपास राखण करते, म्हणून वाळूच्या किंवा मातीच्या मोकळ्या पट्टीवर पाय ठेवण्यापूर्वी लांबून नीट पाहावे. मगर ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तिला हुसकावण्याचा प्रयत्न न करता वनविभागाला कळवावे.

प्रश्न : मी वाईजवळ राहतो. माझ्या वडिलांनी मला कृष्णेवर गळ टाकायला शिकविले आणि तो छंद मी जन्मभर जपला. पुण्याहून सुट्टीत आलेल्या नातवाला यंदा प्रथमच बरोबर नेले. पहिला मासा बाहेर काढताच त्याने विचारले, "आजोबा, त्याला दुखत नाही का?" मी "नाही" म्हणालो, परंतु त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. सूनबाईंचे म्हणणे आहे की मुलाला हे शिकवूच नये. मी काय करावे?
— एक आजोबा, वाई तालुका

उत्तर : नातवाला खरे सांगावे. माशाच्या तोंडाभोवती इजा जाणवणारे चेतातंतू असतात, हे ट्राउट जातीच्या माशांवरील अभ्यासातून दिसून आले आहे. इजा झाल्यावर त्यांचे खाणे आणि वागणेही बदलते. माणसाला जसे दुःख होते तसेच माशाला होते का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण त्याला काहीच होत नाही असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. मुलाने हा प्रश्न विचारला म्हणजे तो मासे धरण्यास अपात्र ठरतो असे मला वाटत नाही. उलट, ज्याच्या मनात हा प्रश्न येतो त्याच्या हातात गळ देताना मला कमी भीती वाटेल.

उत्तर शब्दांत द्यावे तसे हातांनीही द्यावे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे मासा काही वेळा सुटेल, पण लागलेला गळ क्षणात निघेल आणि तोंड फाटणार नाही. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्या जागी रोग शिरतो. जो मासा घरी न्यायचा आहे त्याला पिशवीत तडफडत ठेवू नये, डोळ्यांच्या किंचित मागे डोक्यावर एकच जोरकस फटका देऊन तत्काळ मारावे. हे नातवासमोर करावे की नाही, हा निर्णय सूनबाईंशी बोलून घ्यावा. मुलगा त्यांचा आहे आणि त्यांची शंका मायेतून आलेली आहे. त्यांना एकदा बरोबर घेऊन गेलात तर अधिक बरे.

कोणता मासा ठेवावा आणि कोणता सोडावा, हे शिकविणे हा या छंदाचा गाभा आहे आणि येथे आजोबांना सांगण्यासारखे खूप आहे. चिलापी लागली तर निःशंकपणे घरी न्यावी. तिला पुन्हा पाण्यात सोडून स्थानिक माशांचे काहीच भले होत नाही. मरळीच्या बाबतीत थांबून पाहण्यास शिकवावे. पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस पिलांचा थवा हलताना दिसला तर त्याखाली आई-बाप राखण करीत असतात, ते थव्याजवळ आलेल्या कशावरही झडप घालतात आणि म्हणूनच त्या वेळी गळाला सहज लागतात. त्यांना काढले की काही वेळातच इतर मासे पिलांचा फडशा पाडतात. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून तिचे वर येऊन तोंड उघडणे नातवाला दाखविता येईल आणि गुदमरणाऱ्या माशातला आणि तिच्यातला फरकही समजावून देता येईल. महाशीर लागलाच, तर त्याचे जाड ओठ, मिशा आणि मोठे खवले दाखवून त्याला परत सोडावे. दख्खनच्या या माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले. त्याला स्वच्छ, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, म्हणून तो आपल्या नद्यांत दुर्मीळ होत गेला. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करून पिले सोडली जातात. रायगड जिल्ह्यात वाळणकोंडीला तर लोक श्रद्धेने त्याला हातही लावत नाहीत. मुलाला पुढच्या सुट्टीत तेथे नेऊन, गळाशिवाय, नुसते मुरमुरे टाकून हा मासा पाहू द्यावा, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

एक जुना धडा मला विशेष प्रिय आहे, तो आपल्या वडिलांनीही दिला असेल. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, म्हणून मोराच्या पिसाचा तरंगता तुकडा तंगुसावर, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीवर, वर-खाली सरकवून आपण कोणाच्या दारी उभे राहायचे ते ठरवितो. हे तिन्ही मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील आहेत आणि आपल्याकडे धरणा-तलावांत बीज सोडल्यामुळे आलेले आहेत. साचलेल्या तळ्यात ते आपणहून वीण करीत नाहीत, त्यांना वाहत्या नव्या पाण्याची ओढ लागते. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच मस्तिष्क-ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवून आणली आणि देशातील मत्स्यशेतीचे रूप पालटले. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्याच कामाच्या स्मरणार्थ पाळला जातो. नातू शहरात वाढतो आहे, त्याला प्रयोगशाळेची गोष्ट कदाचित जवळची वाटेल.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर पहाटेच जावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि दुपारी धरून सोडलेला मासा पोहत गेला तरी पुढे मरण्याची शक्यता मोठी असते. पावसाळ्यात मुलाला पात्राजवळ नेऊच नये. धोम धरणातून विसर्ग वाढला की कृष्णेचे पाणी चढते, आणि पायरीवरचे शेवाळ मोठ्या माणसालाही उभे राहू देत नाही.

प्रश्न : माझे माहेर कोयनाकाठी आहे. मृगाचा पाऊस पडला की वडील आम्हा बहिणींना ओढ्यावर चढणीचे मासे धरायला नेत. लग्नानंतर ते सुटले. आता मुले मार्गी लागली आहेत आणि मला पुन्हा गळ घेऊन काठावर बसावेसे वाटते. बाईमाणूस गळ टाकते म्हणून लोक पाहतात, त्याचे मला फारसे काही नाही. परंतु कुठे बसण्याची परवानगी आहे आणि चढणीचे मासे आताही धरावेत का, हे समजत नाही.
— एक भगिनी, कराड

उत्तर : आपण अवश्य बसावे, आणि लोक पाहतील तर त्यांना पाहू द्यावे. नदीकाठच्या घरांमधल्या कित्येक स्त्रियांनी ओंजळीने, टोपलीने, जुन्या लुगड्याच्या पदराने मासे धरून घरचे कालवण चालविले आहे, तेव्हा आपण काही नवे करीत नाही.

चढणीच्या माशांबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे आणि ते आपल्याला आवडणार नाही. पहिल्या जोरदार पावसात नदीतील मासे ओढ्या-नाल्यांतून वर चढतात ते अंडी घालण्यासाठी. त्या वेळी मादीचे पोट गाभोळीने भरलेले असते, आणि एका मादीबरोबर हजारो अंडी जातात. आपल्या वडिलांच्या काळी ओढे बारमाही ओलसर होते, पात्रात डोह शिल्लक होते आणि दोन-चार घरे टोपली घेऊन ओढ्यावर गेल्याने वंश खुंटत नव्हता. आज बंधाऱ्यांनी वाटा अडविल्या आहेत. बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकून उड्या मारणारे मासे लोक पोत्यांनी भरून नेतात आणि वर पोहोचतात ते मूठभर. त्या पहिल्या पंधरवड्यात ओढ्यावर जरूर जावे, नातवंडांनाही न्यावे, उथळ पाण्यात अर्धे अंग बाहेर काढून दगडांवरून सरकत जाणारा मासा त्यांना दाखवावा, वडिलांच्या गोष्टी तिथेच सांगाव्यात, पण टोपली घरी ठेवावी. गळ पाऊस ओसरल्यावर, पाणी निवळल्यावर काढावा. कार्तिकापासून पुढे कोयना आणि कृष्णा दोन्ही बसण्याजोग्या होतात.

परवानगीचे म्हणाल तर धरणे आणि तलाव यांतील मासेमारीचा ठेका शासन सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना देते, म्हणून तेथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेला विचारावे. बहुधा त्या थोडेसे शुल्क घेतात किंवा जागा ठरवून देतात, आणि त्यांच्या उपजीविकेच्या पाण्यात न विचारता शिरणे योग्य नाही. नदीच्या वाहत्या पात्राविषयी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. त्याच्या हद्दीत येणाऱ्या शिवसागर आणि वसंतसागर जलाशयांच्या भागांत मासे धरण्याचा विचारही करू नये. सुरुंगाची दारू किंवा विषारी औषध टाकून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. असे कोणी करताना दिसले तर एकटीने वाद न घालता दूर होऊन पोलिसांना कळवावे.

कराडला कोयनेच्या बाजूला बसणार असाल तर आणखी एक पथ्य पाळावे. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून पाणी सोडले की नदी पाऊस नसतानाही वाढते. म्हणून पात्रातल्या खडकावर न बसता काठाच्या बाजूला बसावे, येताना पाण्याच्या रेषेवर एक दगड ठेवून त्याच्याकडे लक्ष असू द्यावे आणि दगड भिजू लागला की सामान उचलावे. साहित्य साधे घ्यावे. सात-आठ फुटांची कळकाची काठी, बारीक तंगूस, लहान गळ आणि शिशाचा एक मणी एवढे पुरेसे आहे. तुटलेला तंगूस मात्र गोळा करून घरी आणावा. तो वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि पाणकावळे, बगळे व कासवे त्यात पाय अडकून मरतात. बहिणी जवळपास राहत असतील तर त्यांनाही बोलवावे. वडिलांनी तुम्हा सर्वांना शिकविले होते, आणि ओढ्यावरचे जे आपल्याला आठवत नाही ते त्यांच्यापैकी एखादीला नक्की आठवेल.